आप्पांचं ‘न्हाई’

दोष माइकचा होता, आप्पांचा नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तो हेडफोन मीच आणला होता, आणि आप्पांनी निवडलेला बाजूला सारून आणला होता. पुढे सगळे त्यांना हसले तेव्हा मी खरं सांगितलं नाही. गप्प बसलो असंही नाही. मी बोललो, आणि जे बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला सर्वांत जास्त राग त्याच वाक्याचा येतो.

दौंडला स्टेशनकडून बाजाराकडे जाताना आप्पांचा गाळा होता. पाटीवर ‘नेट कॅफे’ असं लिहिलं होतं, पण नेट बहुतेक वेळा बंद असायचं आणि आप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. दहा कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडलेले. सहा बाहेरच्या खोलीत, चार आतल्या. त्यांवर आम्ही बंदुकांचा गेम खेळायचो, पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. घरोघरी कॉम्प्युटर आले नव्हते अशी ती वर्षं, दोन हजार सालानंतरची. कुरकुंभच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटली की आमच्यासारखी पोरं जेवायच्या आधी तिथे जायची.

मी मूळचा शिरूरचा. डिप्लोमा करून कुरकुंभला एका केमिकल कंपनीत लागलो आणि दौंडला आप्पांच्याच घरामागच्या खोलीत भाड्याने राहिलो. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून ‘शिरूरकर’ म्हणाले ते शेवटपर्यंत.

आप्पा पन्नाशी ओलांडलेले. घराणं पूर्वी मेंढरांमागे फिरणारं, वडिलांनी राहू गावाला जमीन धरली तेव्हापासून एका जागी बसलेलं. आप्पा स्वतः कुरकुंभच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. तिथे आवाज फार, म्हणून कानांवर मफ लावायचे, आणि कंपनीने सगळ्यांना एकाच मापाचे मफ वाटले होते. आप्पांचं डोकं मोठं. शिफ्टभर ते मफ चिमट्यासारखे बसायचे. दोन्ही कानांच्या मागे त्यांना कायमचे घट्टे पडले होते, बैलाच्या मानेला पडतात तसे. साहेबाकडे तक्रार केली तर साहेब म्हणाला, सवय होईल. हे सांगताना आप्पांचा आवाज चढायचा.

“पायातल्या जोड्याची सवय हुती. कानाची न्हाई हुत. कानाला कातडं किती आसतं? आन् ह्यो शाना मला म्हनतो सवय करा.”

ते युनिट बंद पडलं तेव्हा नातेवाइकांनी त्यांना पिठाची गिरणी टाका, किराणा टाका असं सुचवलं. त्यांनी गेमचा गाळा टाकला आणि वर स्वतः खेळायला बसले. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर हेडफोन, तोंडापुढे माइकची दांडी. म्हातारा येडा झाला, असं बाजारात उघड बोलत. तेच लोक गाळ्याच्या दारात उभे राहून अर्धा अर्धा तास बघत बसायचे, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

आप्पा आमचे राखणदार होते. गेममध्ये एक टेकाड होतं, त्यावर ते जाऊन बसत आणि खाली कोण हलतंय ते आम्हाला सांगत. गोळी झाडायची त्यांना घाई नसे. सगळ्या नकाशाला त्यांनी आपली नावं दिली होती. वाळूच्या पोत्यांची जागा म्हणजे गोठा, दगडी कमान म्हणजे वेस, पुलाखालचा बोगदा म्हणजे मोरी. बिहारहून आलेला मुन्ना आमच्यात खेळायचा, तोसुद्धा “चाचा, गोठे में दो है” असं म्हणायला शिकला होता.

ते सोसायला सोपे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. माणूस गेला की त्याच्याविषयी गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे आणि आप्पा तर अजून हयात आहेत. त्यांचं निम्मं म्हणणं चुकीचं होतं आणि तेही ते तितक्याच ठासून सांगायचे. जेवल्यावर लगेच हेडफोन लावला तर अन्न कानात चढतं. फिकट रंगाच्या स्पंजात ऊन शिरत नाही. वायर उजवीकडून आली तर उजव्या हाताचा नेम चुकतो, म्हणून ती डाव्या खांद्यावरूनच घ्यायची. वाद घातला की म्हणायचे, “मंग तू बॉयलरवर हुतास का मी?” बॉयलरचा आणि नेमाचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती.

आणि काकू, म्हणजे आप्पांची मंडळी. काकूंनी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पातळांचे तुकडे कापून प्रत्येक हेडफोनच्या कानपाळीला टोपडी शिवली होती. दौंडचा उन्हाळा म्हणजे रेक्झिन कानाला चिकटून सोलून निघतं, त्यावर हा उपाय. दर सोमवारी टोपडी धुतली जायची आणि गाळ्याच्या दारात दोरीवर वाळत पडायची. जांभळी फुलं, हिरवी पानं, एकावर मोर. रात्रपाळी करून आलेली दाढीवाली माणसं कानावर मोर लावून एकमेकांना ठार मारत बसायची. मला त्याची लाज वाटायची. ही लाजच पुढे सगळ्याला कारण झाली.

माइकवरून तर ते लोकांना हाकलून देत. आपल्याकडे माइक म्हणजे लग्नातला नाहीतर देवळातला. हातात आला की माणूस आधी त्यावर बोटाने टकटक करतो, मग फू फू करून फुंकतो, मग “हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणतो. नवीन आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक हेच करायचं आणि आप्पा काउंटरवरून उठून त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घ्यायचे.

“हितं काय भारूड हाय का? फुकतूस कशाला? त्यो काय चुलीतला जाळ हाय?”

“चेक करतोय ओ, आप्पा.”

“चेक आसं न्हाई करत. हळू बोल. हळू बोलल्यालं पल्याड गेलं तर माइक खरा.”

त्याला कारण होतं. विरुद्ध बाजूची पोरं त्याच गाळ्यात, कधी शेजारच्याच खुर्चीवर बसलेली. मोठ्याने बोललं की त्यांना कळायचं. म्हणून आप्पांचा नियम असा की, शिवी द्यायला हरकत नाही, पण ती कुजबुजत द्यायची. आमच्यातला सोपान पॅकिंगला होता, तोंडाचा फाटका. तो इतक्या हळू आवाजात इतक्या घाण शिव्या द्यायचा की बाहेरून बघणाऱ्याला तो जप करतोय असं वाटावं.

जुने हेडफोन दोरे गुंडाळून गुंडाळून चालवले होते. ते एकेक करून मेले तेव्हा आप्पा मला घेऊन पुण्याला निघाले. जाताना त्यांनी सदऱ्याच्या खिशात फुटाणे भरले. मला वाटलं, गाडीत खायला.

ते दुकान मी जन्मात विसरणार नाही. आप्पांनी पहिला हेडफोन टोपीवर चढवला आणि खिशातून मूठभर फुटाणे काढून सावकाश चावायला सुरुवात केली. डोळे मिटलेले. दुकानदार बघत राहिला.

“काका, दुकानात खाऊ नका.”

“खात न्हाई. बगतोय.”

“काय बघताय?”

“जबडा हालतो का न्हाई. मानूस गप बसून गेम खेळत न्हाई, बोलतो. बोलताना हे हाड हालतं.” त्यांनी कानापुढच्या हाडावर बोट ठेवलं. “ह्यो त्याच्यावर बसतोय. काढा दुसरा.”

दुसरा घातला. फुटाणे चावले. खाली वाकून चप्पल काढली, परत घातली, हेडफोन नाकावर घसरला. तिसरा. चौथ्याची गादी बरी होती तर पट्टी टोपीवर बसेना, आणि दुकानदाराने टोपी काढून बघा म्हटल्यावर आप्पा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. एकेक बाजूला पडत गेला. बाकीची गिऱ्हाइकं हसत होती. एक पोरगी तिच्या मैत्रिणीला कोपर मारून दाखवत होती. मी आप्पांपासून थोडा लांब सरकून चार्जर बघत असल्यासारखा उभा राहिलो.

मग माइकची पाळी आली. त्यांनी मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या कॉम्प्युटरला दुसरा हेडफोन लावून बसवलं आणि इकडून कुजबुजले, “हाय.” थांबले. “न्हाई.” परत, “हाय. न्हाई.” आणि मला ओरडून विचारलं, “आधी काय म्हनलो?”

दुकानदार वैतागला. “काका, हॅलो म्हणा की. सगळे हॅलोच म्हणतात.”

“हॅलो काय, वढ्याच्या पल्याडनं म्हनलं तरी कळतं. हॅलोत काय आडलंय कुनाचं? मला हाय आन् न्हाई येगळं ऐकू आलं पायजे. समदा खेळ त्याच्यावर हाय.”

हे अगदी खरं होतं. टेकाडावर बसलेल्या माणसाला आम्ही एवढंच विचारायचो, अमुक ठिकाणी कोणी आहे का. ते म्हणायचे हाय किंवा न्हाई. शहरातल्या माणसाला ‘आहे’ आणि ‘नाही’ यांत घोटाळा व्हायचा नाही. आमच्याकडच्या बोलण्यात दोन्हींमधला फरक म्हणजे पुढचा एक ‘न’, तोही अर्धा, नाकातला. माइकने तो खाल्ला की नकाराचा होकार होतो.

शेवटी त्यांना एक पसंत पडला. राखाडी, बारीक पट्टीचा, स्पंजाच्या साध्या गाद्या. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईंच्या डोक्यावर असतो तसा. दिसायला इतका गरीब की दुकानदारानेच त्याला मागे ढकलून ठेवला होता. पण फुटाणे खाताना तो हलला नाही, आणि दुकानाच्या पार टोकाला मला आप्पांचं ‘न्हाई’ कानात बोलल्यासारखं ऐकू आलं. दुकानात तो एकच नग होता. बाकीचे मागवून ठेवतो, पुढच्या आठवड्यात सगळे एकदम न्या, असं ठरलं.

त्याच आठवड्यात मी शिरूरच्या पोरांशी मॅच ठरवली. तिकडचा कप्तान निलेश, माझ्याबरोबर कॉलेजला होता. शिरूरला त्याने चांगली टीम बांधली होती आणि येता जाता मला फोनवर डिवचायचा, “तुमच्या दौंडात गेम खेळतात की भजन करतात?” रविवारी त्यांनी मोटारसायकलींवरून यायचं आणि आप्पांच्या गाळ्यात खेळायचं, असं पक्कं झालं. त्या क्षणापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं. निलेश आत येतो, राखाडी हेडफोन बघतो, त्यावर काकूंचा मोर बघतो, आणि शिरूरभर सांगत सुटतो.

वीकली ऑफला मी एकटा पुण्याला गेलो. आप्पांचे राखाडी हेडफोन आले होते, बांधून ठेवलेले होते. आणि काचेच्या कपाटात काळे-लाल, कान पूर्ण झाकणारे, पट्टीवर इंग्रजीत ‘गेमिंग’ लिहिलेले, कडेला निळा दिवा लागणारे हेडफोन होते. दुकानदार म्हणाला, “साहेब, ते तुमच्या काकांना ठीक आहे. तुम्ही हे न्या.” मी ते नेले. माइकवर मी एकदा हॅलो म्हणून बघितलं. हॅलो छान गेलं.

आप्पांना मी सांगितलं, ते राखाडी मॉडेल बंद झालं.

शनिवारी संध्याकाळी आप्पा राहूला गेले होते तेव्हा आम्ही नवीन हेडफोन जोडले. मी काउंटरवरून हळू आवाजात आतल्या खोलीतल्या पोपटला हाक मारली. पोपट राहूचाच, आप्पांच्या गावचा, आमच्यातला सर्वांत शांत गडी. आतून त्याचा आवाज आला, “आरं पट पट काय करतूस? नाव तरी पुरतं घी की.” आम्ही हसलो. पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा ‘पट’. तो माइक माणूस बोलायला लागल्यावर जागा व्हायचा आणि जागा होईपर्यंत शब्दाचं तोंड गेलेलं असायचं. मोठ्याने बोललं तर कमी, हळू बोललं तर हमखास. मला हे त्या संध्याकाळीच कळलं. मी म्हणालो, “जवळ धरून बोलायचं, झालं.” आणि काकूंची टोपडी एका पिशवीत भरून माळ्यावर टाकली.

रविवारी आप्पा आले ते उशिरा. आल्या आल्या हेडफोन घालून त्यांनी फुटाणे तोंडात टाकले. “जड हाय. जबडा धरतोय.” मग माइककडे वळले आणि आतल्या खोलीत कुणीतरी जा म्हणाले. तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्या. मी म्हणालो, “आप्पा, झालंय चेक काल. पोरं आली.”

“तू केलंस?”

“हो.”

“मंग झालं,” आप्पा म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

शिरूरची पाच पोरं बाहेरच्या खोलीत बसली, आप्पा त्यांच्याच रांगेत काउंटरच्या मशीनवर. मी, सोपान, पोपट आणि मुन्ना आत. मध्ये भिंत. आप्पांशी बोलायचं ते फक्त माइकवर, आणि शेजारी शत्रू बसलेला, म्हणून आप्पा नेहमीपेक्षाही हळू बोलत होते. मॅच बरोबरीत चालली. शेवटचा डाव उरला. आम्ही चौघे पुलापाशी पोहोचलो. पुढे जायला दोन वाटा, वरून पूल नाहीतर खालून मोरी. सोपानने विचारलं, “आप्पा, पुलावर कोन हाय का?”

कानात आलं, “हाई.”

आम्ही मोरीत उतरलो. शिरूरचे पाचही जण मोरीच्या दुसऱ्या तोंडाशी दबा धरून बसले होते. एकेकाला टिपलं. पूल मोकळा होता.

आम्ही बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा आप्पा उभे होते. “पूल मोकळा पडलाय आन् मोरीत कशाला मेलात?”

“तुमीच म्हनला की हाय,” सोपान म्हणाला.

“मी न्हाई म्हनलो.”

“आप्पा, हाय म्हनला तुमी. चौघांनी ऐकलंय.”

“चाचा, आपने ‘है’ बोला था,” मुन्ना म्हणाला. तो बिचारा खरंच तेच समजला होता.

निलेश खुर्ची मागे टाकून हसत होता. “आजोबा, हाय का न्हाई ते एकदा घरी जाऊन ठरवा.” त्याची पोरं हसली, आणि मग सोपानही हसला. हरल्याचा राग त्याला कुठेतरी काढायचाच होता. “आप्पा, चष्मा बदला. न्हाईतर मंडळींना बसवा टेकाडावर.” दारात जमलेली बाजारातली माणसंही हसली. त्या हसण्याची मला आजही चीड येते. ज्या माणसाने त्यांच्या कानांची काळजी घेतली, त्यांच्या शिव्यांनासुद्धा शिस्त लावली, त्याला चेष्टेत काढायला त्यांना एक शब्द पुरला.

आप्पांनी तोंडापुढची माइकची दांडी वर सारली. ते माझ्याकडे वळले.

“शिरूरकर, तू सांग. मी काय म्हनलो?”

निलेश माझ्याकडे बघत होता. माझ्या गळ्यात तो काळा-लाल हेडफोन लोंबत होता, उपटलेली वायर पायात आलेली. मी म्हणालो, “मलाही ‘हाय’च ऐकू आलं, आप्पा.”

खोटं नव्हतं. मला तेच ऐकू आलं होतं. आप्पांनी मान डोलावली, हेडफोन काढून काउंटरवर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले.

ते पुन्हा खेळायला बसले नाहीत. मला वाटलं होतं, रागावतील, दोन दिवस शिव्या देतील, पुन्हा बसतील. मला त्यांचा राग चालला असता. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि आपल्या तोंडावरचा काढून घेतला. काउंटरवर कुणी विचारलं, मशीन रिकामं आहे का, तर उत्तर द्यायच्या आधी उठून बघून यायचे. काकूंनी विचारलं, दूध आलंय का, तर नुसती मान हलवायचे, आणि काकू म्हणायच्या, “तोंडाला काय झालंय?” एकदा मला म्हणाले, “मनात न्हाई आसतं रं, आन् तोंडातनं हाय निघतं. वयाचं आसंल.” मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.” एवढं बोलून मी माझ्या खोलीत गेलो आणि कंदी पेढे खाल्ले, घरून आले होते ते. असल्या गोष्टी माणसाच्या लक्षात का राहतात कोण जाणे.

राखाडी हेडफोन मी शेवटी आणलेच नाहीत. काही दिवसांनी काळ्या-लाल हेडफोनांचे दिवे बंद पडले, गाद्यांचं रेक्झिन सोलवटलं आणि पोरांच्या कानांवर काळे कपटे चिकटायला लागले. वर्ष-दोन वर्षांत आप्पांनी गाळा दुसऱ्याला दिला आणि राहूला राहायला गेले. मीही दौंड सोडलं, कंपनीच्या बसच्या रस्त्यावर कुरकुंभलाच खोली घेतली. आजही कुणी हेडफोन घ्यायला निघाला की आधी दिवे बघतो, आणि मला दुकानातच त्याच्या हातावर फटका मारावासा वाटतो. पण तो अधिकार माझा नाही.

पोपट मला कॅन्टीनमध्ये भेटायचा. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, “आप्पांनी आक्काचं रान घालवलं.”

आक्का म्हणजे आप्पांची थोरली विधवा बहीण. तिचं रान राहूलाच. शेजाऱ्याने बांधावरचा दगड रातोरात उपटून तिच्या रानात आत सरकवला होता, आणि जुना दगड कुठे होता हे ठामपणे सांगू शकेल असा माणूस एकच, आप्पा. लहानपणी त्यांनीच तो वडिलांबरोबर पुरला होता. चावडीवर माणसं बसली. सरपंचांनी विचारलं, आप्पा, दगड बांधावरच्या बाभळीच्या अलीकडं होता का? आप्पा म्हणाले, “माझ्या बोलन्यावर जाऊ नगा. दुसऱ्या कुनाला तर इचारा.” दुसरं कोणी नव्हतं. बांध शेजाऱ्याचा धरला गेला.

“घाबरला म्हातारा,” पोपट म्हणाला. “आक्का बोलत न्हाई त्यांच्याशी.”

म्हातारा घाबरला नव्हता. त्याला आम्ही शिकवलं होतं की त्याच्या तोंडातून काय निघतं ते त्याला कळत नाही. शिकवलं कुणी, तर मी.

पुढच्या ऑफला मी राहूला गेलो. आप्पा अंगणात बाजेला सुतळी आवळत बसले होते. “ये शिरूरकर,” म्हणाले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. राखाडी हेडफोन, दुकान, ‘पट पट’, केलंय चेक म्हणून मारलेली थाप. सांगताना मध्येच त्यांचे हात थांबले. झाल्यावर त्यांनी सुतळी बाजूला ठेवली.

“म्हंजी मी न्हाईच म्हनलो हुतो.”

“हो.”

“आन् तुला ठावं हुतं.”

“हो. आप्पा, माझं चुकलं. मला…”

“थांब.” त्यांनी हात वर केला. त्यांचा चेहरा मी तोवर तसा कधी पाहिला नव्हता. “मला काय सांगतूस? माझा मी काय तर बगीन. ती खेळातली हार गेली खड्ड्यात. मी तिकडं चावडीवर बसलो, दगड डोळ्यांम्होरं दिसतोय, आन् मला वाटलं, आता मी अलीकडं म्हनायला जातोय आन् तोंडातनं पलीकडं निघंल. म्हनून गप बसलो. भैन माझी सगळ्यांम्होरं उठून गेली. ऊठ. चल.”

“कुठे?”

“जिला सांगायचं तिला सांग. उद्या मी सरपंचाकडं जातो, ते माझं काम. आधी हिला कळू दे.”

आक्काचं घर चार घरं सोडून होतं. त्या ओट्यावर सुपात मटकी निवडत होत्या. आप्पांना बघून त्यांनी सूप फिरवून पाठ केली. आप्पा पायरीखालीच उभे राहिले आणि मला म्हणाले, “बोल.”

मी सांगायला लागलो, आणि मला कळलं की हे सांगणं किती अवघड आहे. हेडफोन म्हणजे काय, माइक कशाला, गेम म्हणजे काय.

“गेम म्हंजी?” आक्कांनी न बघताच विचारलं.

“खेळ. कॉम्प्युटरवरचा.”

“ह्या वयात खेळत हुता व्हय?” हे आप्पांना.

मी पुढे सांगत गेलो. न्हाई म्हटलेलं हाय कसं झालं, तिथे आक्कांचे हात थांबले आणि त्यांनी तोंड माझ्याकडे केलं.

“ह्यानं तुला इचारलं, मी काय म्हनलो?”

“हो.”

“मंग तू काय सांगितलंस?”

“मला ऐकू आलं ते.”

“ते खरं हुतं?”

“ऐकू आलं ते खरं होतं.”

“मंग चूक कुनाची?” त्या म्हणाल्या. “आसं आडून आडून काय बोलतूस? कुनाची, ते सांग की.”

शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. आप्पा जमिनीकडे बघत होते. मी पायातले बूट काढले, का ते मलाही सांगता येणार नाही, आणि ओट्याच्या पायरीवर बसलो.

“आक्का, चूक माझी,” मी म्हणालो. “आप्पा बरोबर बोलले होते. मला ते माहीत होतं आणि माझ्या मित्रांसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून मी त्यांची घालवली. त्यांना त्यांच्याच बोलण्याची भीती बसली ती माझ्यामुळे, आणि तुमच्यासाठी ते बोलले नाहीत तेही माझ्यामुळे. ते भ्याले नव्हते. तुमची आणि त्यांची, दोघांची माफी मागतो. मला माफ करा.”